मापाआधीचा अर्धा तास

रविवार, ३

वन्सं आल्या. ह्यांच्या मोठ्या बहिणीला 'वन्सं' म्हणायचं हे लग्नात सासूबाईंनी सांगितलं, ते तोंडात बसलं ते बसलंच. एक पिशवी, शिवणाचा डबा, आणि रुमालात गुंडाळलेला त्यांचा काचेचा थर्मामीटर. डोक्याला रुमाल. केस गेल्यावर त्यांचे कान केवढे मोठे आहेत ते पहिल्यांदा दिसलं, आणि उगाचच वाईट वाटलं.

केमोचा दुसरा डोस शुक्रवारी झाला. पहिल्या डोसनंतर त्या हट्टाने आपल्या घरी एकट्या राहिल्या आणि ताप अंगावर काढला. शेजारीण वेळेवर गेली म्हणून वाचल्या. आठवडाभर दवाखान्यात होत्या. रजा मी काढली, कारण हे नोकरीसाठी परगावी. आता दुधाने तोंड पोळलंय, तर डॉक्टरांनी ताक फुंकून प्यायला सांगितलं आहे. पुढच्या दोन आठवड्यांत अंगातल्या पांढऱ्या पेशी तळाला जाणार. ताप शंभर पॉइंट चार दिसला की कपडे बदलायलाही थांबायचं नाही, आहात तसे निघा. तापाची गोळी आपल्या मनाने द्यायची नाही, कारण तिने ताप झाकला जातो, जंतू नाही. म्हणून गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात, कुलपात.

खरं सांगायचं तर मला मनातून थोडं बरंही वाटलं. बाकी सेवा मला कितपत जमेल कोण जाणे, पण मोजणं हे माझं रोजचं काम आहे.

सोमवार, ४

सकाळी काचेच्या थर्मामीटरवरून पहिली चकमक. सिस्टरने बजावलं होतं, काच नको, पारा नको. मी तो डब्यात घालून वर ठेवून दिला. वन्सं म्हणाल्या, याने तुझ्या नवऱ्याचा गोवर मोजलाय. म्हटलं, म्हणूनच त्याला निवृत्त करू. शस्त्रक्रियेनंतर त्यांचा उजवा हात झटकता येत नाही, पारा खाली उतरवणार कसा, हे मी बोलले नाही.

मग मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. डेअरीत आमच्याकडे प्रत्येक कामाला वेगळा थर्मामीटर असतो. दुधाच्या टाकीत सुईवाला. शीतगृहातून आलेल्या क्रेटना बंदूक, पण ती फक्त वरची कातडी मोजते, आतलं आइस्क्रीम वितळलं असलं तरी तिला पत्ता नसतो. ट्रकमध्ये बटणाएवढा नोंदवाला, तो आपला गप्प बसून सगळा प्रवास टिपत राहतो. माणसाचंही तसंच. बंदूक सोयीची, पण कपाळ ओलं असलं की कमी दाखवते. काखेतलं तोंडापेक्षा कमीच येतं. सगळ्यात भरवशाचा तोंडातला, फक्त आधी अर्धा तास गरम-गार काही घ्यायचं नाही.

वन्संनी कधी नव्हे ते लक्ष देऊन ऐकलं. त्या शाळेत शिवण शिकवायच्या. म्हणाल्या, पोरं काखेत कांदा ठेवून ताप आणायची आणि मी वासावरून पकडायचे. मग विचारलं, ताप आणायला गरम चहा, तर मग उतरवायला काय, बर्फ? म्हटलं, अगदी बरोबर, दोन तुकडे चघळले तर चांगला दीड-दोन अंश कमी दिसेल. आमच्या शिकाऊ मुलीसुद्धा असे प्रश्न विचारत नाहीत.

संध्याकाळचा आकडा अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. ह्यांना फोनवर सांगितला. मागून वन्सं म्हणाल्या, "मोजणीखात्याला म्हणावं, सात-बाराही पाठव."

गुरुवार, ७

साहेबांनी बोलावलं. पुढच्या गुरुवारी मोठ्या गिऱ्हाइकाचे तपासनीस येणार. दाखवायचं मीच, उत्तरं द्यायची मीच. प्रयोगशाळेच्या प्रमुखाची खुर्ची जुने सर गेल्यापासून रिकामी आहे. तपासणी सुरळीत झाली तर ती तुमचीच, असं ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. मागच्या महिन्यातल्या रजेचाही उल्लेख केला. तोही खिडकीबाहेर बघतच.

घरी सगळं ठीक. आकडे ठीक. वन्सं म्हणाल्या, माझ्या हातच्या भाजीला दवाखान्यातल्या भाजीची सर नाही. दोन घास जास्त खाल्ले मात्र.

शनिवार, ९

दिवसभर जीव टांगणीला. कुठे दार वाजलं की वाटतं, पडल्या. झोपल्या असल्या की पांघरूण हलतंय का बघून येते.

दुपारी त्या आंघोळीला गेल्या, नळ सोडल्याचा आवाज आला, तेव्हा स्वयंपाकघरात उभं राहून धाकट्या बहिणीला फोन केला. कोणाजवळ तरी बोलायला हवंच होतं. म्हटलं, या गुरुवारच्या आत त्या पुन्हा अ‍ॅडमिट झाल्या तर माझं संपलंच बघ, खुर्ची जाईल आणि परत कोणी विचारणार नाही. आणखीही काय काय बोलले. त्यांनी मला वीस वर्षांत एकदा तरी बरं म्हटलंय का, असंही. बोलून झाल्यावर हलकं वाटलं. त्या बाहेर आल्या तेव्हा मी भांडी लावत होते.

रविवार, १०

सकाळी वन्संनी आपणहून विचारलं, तुझी ती तपासणी नक्की कुठल्या वारी? नवल वाटलं. माझ्या कामाला त्या 'दुधात बोट घालणं' म्हणतात. गुरुवारी, म्हटलं. मग म्हणाल्या, त्या दिवशी निळी साडी नेस, तुझा रंग त्यात बरा दिसतो. मी आरशात जाऊन बघून आले.

संध्याकाळी नव्याण्णव पॉइंट सहा.  दर तासाला मोजलं, नव्याण्णवच्या आसपासच राहिला. त्या वैतागल्या. म्हणाल्या, तोंडात सळई घालून बसायला मी काय कुल्फी आहे? यापुढे फक्त सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, आणि मी स्वतः तयार होऊन बसेन. शिस्त लागलेली बरी, असा विचार करून मीही हो म्हटलं.

सोमवार, ११

सकाळी अठ्ठ्याण्णव. सुटले.

संध्याकाळी मात्र गोंधळ. मी आले तेव्हा वन्सं तोंड धुऊन, टॉवेल खांद्यावर टाकून तयार. म्हणाल्या, आज बंदुकीने बघ, तोंड आलंय. बंदूक सत्त्याण्णव. मला ते फार कमी वाटलं. पुन्हा तोंडातल्याने घ्यायचंच, म्हणून हट्ट धरला. त्या आधी पाणी पिऊन येते म्हणाल्या, मी जाऊ दिलं नाही. नव्याण्णव पॉइंट आठ.

दोन थर्मामीटर, एकच माणूस, आणि मधे एवढी दरी. असं डेअरीत झालं असतं तर मी टाकी थांबवली असती. मग डेअरीत करते तेच केलं. बर्फ फोडून पाण्यात कालवला आणि डेअरीतून आणलेला सुईवाला त्यात धरला. काटेकोर शून्य. मग मोठ्या मगात कोमट पाणी घेतलं, त्यात सुईवाला आणि तोंडातला शेजारी शेजारी. दोघांचं एकमत. बंदूक चकाकीला फसते, म्हणून तिच्यासाठी त्याच पाण्याने भरलेली, काळी चिकटपट्टी लावलेली बाटली धरली. तीही बरोबर.

सगळे खरं बोलत होते. मग खोटं कोण बोलत होतं? कातडीचा आणि आतल्या अंगाचा फरक असणार, असं लिहून ठेवते. पण मन मानत नाही.

बर्फ फोडायला काढला तेव्हा दिसलं, साचे जवळजवळ रिकामे. जे तुकडे होते तेही वितळून पुन्हा गोठल्यासारखे. फ्रिज मान टाकतोय की काय? त्यात वन्संचं पेशी वाढवायचं इंजेक्शन आहे. तेवढं बिघडलं तर माझ्यासारखी बाई जगाला काय तोंड दाखवणार. डेअरीतून आणलेले दोन नोंदवाले होते, एक इंजेक्शनशेजारी ठेवला, एक वर बर्फाच्या कप्प्यात, दाराला लागून.

बुधवार, १३

दोन्ही दिवस आकडे उत्तम. सत्त्याण्णव पॉइंट आठ, अठ्ठ्याण्णव, पुन्हा अठ्ठ्याण्णव. तोंडातल्यानेच. ह्यांना सांगितलं, धोका टळला बहुतेक.

तरी वन्सं मला बऱ्या दिसत नाहीत. सुईत दोरा ओवता येत नव्हता, हात थरथरत होता. चष्म्याचा नंबर वाढला म्हणाल्या. एवढ्या उकाड्यात शाल. पंखा बाधतो म्हणाल्या. गाल लाल दिसले तर म्हणाल्या, आता या वयात मी लाजू नको का? मला हसू आलं. माणसाला बरं नसलं की थट्टा सुचते का? नाही सुचत. आणि आकडा समोर आहे.

निळी साडी त्यांनीच इस्त्री करून ठेवली होती. डाव्या हाताने. मी रागावले, तर म्हणाल्या, "उद्याचा दिवस पार पड, मग हवं तेवढं रागव."

नोंदवाले उद्या सकाळी काढून नेईन, तपासणी आटोपली की डेअरीच्या संगणकावर बघेन.

गुरुवार, १४. दवाखान्यात, दुपारी

 लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी आकडा सत्त्याण्णव पॉइंट नऊ. नोंदवाले पर्समध्ये टाकले आणि निघाले. वन्सं दारापर्यंत आल्या, भिंतीला धरून. मी म्हटलं, झोपा जाऊन. त्या म्हणाल्या, जा गं तू.

तपासणीला दोघं आले होते, एक गृहस्थ आणि एक पांढऱ्या केसांच्या बाई. दूध, टाक्या, पाश्चरीकरणाच्या यंत्रावरचा गोल कागद आणि त्यावर फिरणारं पेन, सगळं बघून झालं. काही खोट निघाली नाही. साहेबांचा चेहरा फुलला होता. शेवटी बाई म्हणाल्या, ट्रकमधल्या नोंदवाल्याची नोंद उतरवून दाखवा, कुठलाही एक चालेल. माझ्या टेबलावर ट्रकचे होते आणि पर्समधले दोनही तिथेच काढून ठेवलेले. सगळे एकसारखे. मी एक उचलून संगणकाला लावला.

पडद्यावर रेघ आली. सपाट, मग एकदम वर उसळलेली, पुन्हा सपाट. परत उसळी. मला कळलं की हा घरचा, बर्फाच्या कप्प्यातला. माफी मागून काढणार, तेवढ्यात बाई पुढे वाकल्या. त्यांचं कामच ते. म्हणाल्या, "ही उसळी रोज सकाळ-संध्याकाळ त्याच सुमाराला आहे. दार कोण उघडतं? कारण नोंदवलंय का?"

मी कारण शोधायला लागले, सवयीने. सकाळी डबा भरायच्या सुमाराला. संध्याकाळी मी घरी पोचायच्या सुमाराला. दर वेळी मी तोंडातला थर्मामीटर हातात घ्यायच्या जरा आधी.

बर्फ चघळला तर दीड-दोन अंश.

मी खुर्ची मागे सारली तो आवाज अजून कानात आहे. काहीतरी बोलले असेन. साहेब मागून हाक मारत होते. रिक्षा मिळेपर्यंत धावत होते, निळ्या साडीत.

वन्सं दोन रजयांखाली होत्या, दात वाजत होते. मला बघून उठायला गेल्या. या वेळी मी येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांची तयारी नव्हती. थर्मामीटर तोंडात ठेवला. एकशे दोन पॉइंट सहा. त्या तो तोंडातून काढून एवढंच म्हणाल्या, "तू इथे काय करतेस? अजून बारासुद्धा वाजले नाहीत."

डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून?  म्हटलं, मी मोजत होते. त्यांनी कागदावर फक्त आजची तारीख लिहिली.

शुक्रवार, १५

रक्तदाब खाली गेला म्हणून काचेच्या खोलीत हलवलं. आत एकच जण, तोही थोडा वेळ. हे पोचले. काचेला कपाळ टेकून उभे होते, काचेवर वाफ धरत होती. मग मला चहा आणून दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

वन्संच्या बोटाला, दंडाला, छातीला वायरी आहेत. ताप आता यंत्रच मोजतं, सतत. आमच्या डेअरीतल्या पेनासारखी रेघ. तिथे कोणाला बर्फ चघळता येत नाही.

मी तीन तऱ्हेचे थर्मामीटर पारखले. कुणाचं कुठे चुकतं का ते बघितलं. माणूस पारखायचा राहिला.

रविवार, १७

रेघ उतरते आहे. सिस्टर म्हणाली, सकाळी पाणी मागितलं आणि गार नको म्हणाल्या.

मंगळवार, १९

साध्या खोलीत आणलं. आवाज कुजबुजण्याएवढाच. मी आत गेल्यावर पहिलं वाक्य, "झालं का तुझं गुरुवारचं?"

झालं, म्हटलं. छान झालं. त्यांनी समाधानाने डोळे मिटले. आजारपणात माणसं हळवी होतात, लोकांच्या बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवतात.

मग मला राहवेना. विचारलं, असं का केलंत? म्हणाल्या, इथली ती बेचव भाजी पुन्हा नको होती. भाजी! एका भाजीपायी जीव वाऱ्यावर सोडला. मला इतका राग आला की बाहेर येऊन जिन्यात बसले. वर सिस्टरला सांगत होत्या म्हणे, आमची भावजय काटेकोर मोजते पण फसते लवकर.

रविवार, २४

घरी आणलं. मी तीन नियम केले. थर्मामीटर एकच, तोंडातला. बर्फाचे साचे शेजारणीकडे. आणि मोजायच्या आधीचा अर्धा तास मी समोर बसणार, हलणार नाही.

वन्सं म्हणाल्या, पहारा बसला. बसू दे, म्हटलं.

पहिल्या दिवशी अर्धा तास संपता संपेना. त्या भिंतीकडे, मी घड्याळाकडे. मग त्या म्हणाल्या, नुसती बसतेस तर ही शिवण तरी उसव. आता मी उसवते, त्या सांगतात. शाळेतल्या मुली, कोण कशी होती. कांदेवाली समजलेली एक मुलगी खरंच तापाने फणफणली होती आणि त्यांनी कांदा शोधत तिला अर्धा दिवस बाकावर बसवून ठेवलं. 

डेअरीतून अजून काही निरोप नाही.

रविवार, ३१

काल साहेबांनी सांगितलं. तपासणीत डेअरी पास. खुर्चीवर दुसऱ्या शाखेतल्या बाई येतील. निर्णय वरचा आहे, असं ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. मी घरी कोणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा.

आज संध्याकाळी नेहमीसारखी शिवण घेऊन बसले. वन्संच्या डोक्यावर बारीक लव आली आहे, पांढरी.  त्या म्हणाल्या, खुर्ची गेली ना?

कोणी सांगितलं, विचारलं. म्हणाल्या, तुझा चेहरा बंदुकीनेसुद्धा मोजता येतो.

गेली, म्हटलं.

"म्हणजे माझी बर्फाची मेहनत फुकट."

मला आधी कळलंच नाही. भाजीचं काय झालं, असं काहीतरी मी विचारलं. त्यांनी माझ्या हातातलं कापड घेतलं, मी चुकीच्या बाजूने उसवत होते. ते उलटं करून परत दिलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नळ सोडला म्हणून माणूस बहिरं होत नाही गं."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला शनिवारची ती दुपार आठवली, एकेक वाक्य, त्या वीस वर्षांसकट. निळी साडी आठवली, डाव्या हाताने केलेली इस्त्री. मला खाली बघवेना आणि वर बघवेना.

त्या म्हणाल्या, अर्धा तास झाला असेल, घाल ती सळई.

मी थर्मामीटर त्यांच्या जिभेखाली ठेवला. तो वाजेपर्यंत वन्संना बोलता येत नाही. वीस वर्षांत एवढी संधी मला कधी मिळाली नव्हती. मी त्यांचा उजवा हात, तो न उचलता येणारा, हळूच मांडीवर घेतला आणि जे बोलायचं होतं ते सगळं बोलून घेतलं. नीट जमलं नाही. त्यांनी दोनदा भुवया वर केल्या आणि एकदा मान नाही म्हणून हलवली, मी थांबले नाही.

मग तो वाजला. वन्संनी तो स्वतःच काढला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "आकडा बघ आधी. रडणं नंतर."

सत्त्याण्णव पॉइंट नऊ. बर्फाविना.